खुर्दा किती गेला?

मे २०२५ मधल्या पाकिस्तानशी झालेल्या चार दिवसांच्या संघर्षानंतर आपल्याकडे एक वाद पेटला आणि तो अजून धुमसतोच आहे. आपली लढाऊ विमाने किती पडली? प्रश्न सरळ आहे, भांडण मात्र भलतेच चालले आहे. एका तटाच्या मते असा आकडा विचारणे हाच सैन्याचा अपमान. दुसऱ्या तटाला आकडा हवा आहे तो सरकारच्या डोक्यात घालायला. दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, पण दोघांचेही गृहीतक एकच: पडलेले विमान म्हणजे नामुष्की. एकाला ती झाकायची आहे, दुसऱ्याला चव्हाट्यावर मांडायची आहे. यात गणवेशातली माणसेच काय ती शहाण्यासारखी बोलली. ११ मे रोजी हवाई दलाचे एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकारांना सांगितले की नुकसान हा लढाईचाच भाग असतो. महिनाअखेरीस तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापुरात नुकसान झाल्याचे मान्य केले आणि विमाने का पडली हे अधिक महत्त्वाचे, असे म्हटले. पुढे त्या ‘का’मध्ये फारसा कोणाला रस उरला नाही. ‘किती’वरच दोन्ही बाजूंचे गळे बसले.

माझे म्हणणे आधीच मांडतो. लढाऊ स्क्वॉड्रनने, म्हणजे हवाई दलाच्या विमान-तुकडीने, युद्धात काय गमावले, हा तिच्या इतिहासाचा सर्वांत भरवशाचा भाग असतो. ठरावीक मुदतीनंतर तो नावानिशी, तारखेनिशी आणि कारणासकट उघडा व्हायला हवा. अपघात, आपल्याच तोफांनी पाडलेली विमाने आणि जमिनीवर मेलेली माणसे धरून. तो दडवल्याने शत्रूचे फारसे बिघडत नाही. आपले मात्र बरेच बिघडते, आणि कसे ते पाकिस्तानशी युद्ध झाले त्या १९६५ च्या सप्टेंबरात इतके स्वच्छ दिसते की त्यासाठी २०२५ ची कागदपत्रे उघडायचीही गरज नाही.

भरवशाचा भाग का? हवाई झुंज दोन-तीन मिनिटांत आटोपते. शत्रूच्या एकाच विमानावर दोघांनी गोळ्या झाडल्या तर दोघेही परत येऊन प्रामाणिकपणे ‘मी पाडले’ असे सांगतात. धूर सोडत खाली झेपावलेले विमान आदळले की निसटले, हे पाहायला जो रेंगाळतो तो स्वतःच पडतो. म्हणून पाडलेल्या विमानांचा आकडा कितीही सच्च्या माणसाने दिला तरी तो अंदाजच असतो. स्वतःचे नुकसान म्हणजे हजेरी. सकाळी बारा विमाने उडाली, संध्याकाळी नऊ उतरली, यात अंदाजाला जागा कुठे? आणि तरीही जगभर देश दाव्यांचे आकडे छातीठोकपणे छापतात आणि हजेरीपट कुलपात ठेवतात. म्हणजे जे खात्रीने माहीत आहे ते लपवायचे आणि जे धड माहीत नाही ते मिरवायचे.

१९६५ चा ३ सप्टेंबर घ्या. आपल्या २३ स्क्वॉड्रनची नॅट ही छोटी लढाऊ विमाने जम्मूच्या सीमेवरच्या छांबच्या आकाशात पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांना भिडली. स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एक सेबर पाडल्याचे जाहीर झाले, त्यांना वीरचक्र मिळाले. दोनच दिवसांपूर्वी देशाने मार खाल्ला होता, त्यामुळे या बातमीने किती हायसे वाटले असेल याची कल्पना करता येते. पण त्याच दिवशी, त्याच स्क्वॉड्रनचे, त्याच मोहिमेवर गेलेले स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचे नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरले आणि ते युद्धकैदी झाले. सोबत्यांपासून तुटलेले, इंधन संपत आलेले विमान धावपट्टी आपलीच समजून उतरवले, असे आपल्याकडे सांगितले गेले. पाकिस्तानी स्टारफायटर या वेगवान लढाऊ विमानाने धाक घालून त्याला खाली उतरवले, असे तिकडे सांगितले गेले. ते नॅट आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. आणि कीलर यांचे सेबर? पाकिस्तानी माहितीनुसार ते गोळ्यांनी खिळखिळे झालेल्या अवस्थेत सरगोध्याच्या पाकिस्तानी हवाई तळावर परतले होते. यामुळे कीलर यांचे शौर्य तसूभर तरी कमी होते का? सेबरशी भिडताना चिमुकल्या नॅटमधून त्यांनी त्याच्यावर गोळ्या अचूक लावल्या, हे तर शत्रूच्या नोंदीनेच सिद्ध झाले. पण आपण त्या दिवसाची गोष्ट अर्धीच सांगत आलो. २३ स्क्वॉड्रनच्या त्या दिवसाचा दुसरा अर्धा भाग ज्याला पाहायचा असेल त्याने कराचीला जावे, अशी आपण व्यवस्था केली.

दोन दिवसांपूर्वीचा मार म्हणजे १ सप्टेंबर. त्या संध्याकाळी पठाणकोटहून व्हँपायर विमाने छांबमधल्या पाकिस्तानी रणगाड्यांवर पाठवली गेली. व्हँपायर हे १९४० च्या दशकातल्या आराखड्याचे जेट. समोर सेबर. चार व्हँपायर गमावली, तीन वैमानिक गेले. त्यानंतर ही विमाने आघाडीवरून काढून घेतली गेली. याला कोणी ‘धडा घेतला’ असे म्हणेल. पण व्हँपायर जुनाट आहे, हे १ सप्टेंबरच्या सकाळी कोणाला ठाऊक नव्हते? लष्कराची हाक आली, हाताशी जे होते ते पाठवले, हे खरे आहे आणि त्या वेळच्या अधिकाऱ्यांची अडचणही समजण्यासारखी आहे. पण हाताशी तेच का होते, हा प्रश्न क्रू रूममधला नाही. तो खरेदीचा, अर्थसंकल्पाचा, दिल्लीतल्या फायलींचा प्रश्न आहे. म्हणूनच ‘धडे आत घेतले जातात, बाहेर कशाला सांगायचे?’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. उंची किती ठेवावी, ‘नंबर टू’ने, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्या विमानाने, कुठे राहावे, शत्रूच्या तळावर दुसरी फेरी मारावी की नाही, हे धडे आत घेतले जातात आणि चांगले घेतले जातात. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी आठ सेबर विमानांनी पठाणकोटवर हल्ला करून आपली दहाएक विमाने जमिनीवरच जाळली. त्यात नव्या कोऱ्या मिग-२१ पैकी दोन होती. पुढच्या सहा वर्षांत तळांवर काँक्रीटचे निवारे उभे राहिले आणि ३ डिसेंबर १९७१ च्या हल्ल्यात पाकिस्तानच्या हाती जवळजवळ काही लागले नाही. आतल्या आत शिकण्याचे हे उत्तम उदाहरण, मान्य. पण ज्यांच्या निर्णयामुळे नुकसान झाले तेच जेव्हा चौकशी करणार असतात, तेव्हा धडा वैमानिकापर्यंत येऊन थांबतो. त्याच्या वर चढत नाही.

आता विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा: युद्ध चालू असताना नुकसान सांगणे म्हणजे शत्रूच्या गोलंदाजाला त्याचा चेंडू कुठे पडला ते सांगणे. यात तथ्य आहे. आपले क्षेपणास्त्र लागले की चुकले, कोणत्या अंतरावरून लागले, हे शत्रूला जाणून घ्यायचे असते. आपण गप्प राहिलो तर त्याला अंधारात चाचपडावे लागते. काही दिवसांची, काही महिन्यांची, एखाद्या यंत्रणेबाबत काही वर्षांचीसुद्धा गुप्तता मी निमूट मान्य करतो. पण १९९९ आठवा. २७ मे रोजी कारगिलमध्ये ९ स्क्वॉड्रनचे मिग-२७ आणि १७ स्क्वॉड्रनचे मिग-२१ गेले. पहिल्याचे वैमानिक नचिकेता कैद झाले, दुसऱ्याचे स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा मारले गेले. दुसऱ्या दिवशी तोलोलिंगवर एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले, चौघे गेले. तिन्ही बातम्या तेव्हाच जाहीर झाल्या. देशाचे मनोधैर्य खचले का? उलट शत्रूकडे खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे आहेत हे सगळ्यांना कळले, सशस्त्र हेलिकॉप्टरे मागे घेतली गेली, लढाऊ विमाने अधिक उंचीवरून मारा करू लागली आणि जुलैपर्यंत शिखरे परत आली. युद्ध ऐन भरात असताना जे सांगता आले, ते युद्ध संपून साठ वर्षे झाल्यावर सांगता येत नाही, हे कोणत्या तर्कात बसवायचे?

मनोधैर्याचा मुद्दा याच्याच पाठीला पाठ लावून येतो. त्यावरचे उत्तर इंग्लंडच्या आकाशात आहे. १५ सप्टेंबर १९४० या एका दिवसात १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटिशांनी जाहीर केले. युद्ध संपल्यावर जर्मन कागदपत्रे तपासली तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला, म्हणजे एक तृतीयांश. आपल्याकडे असे झाले असते तर ते सांगणाऱ्याच्या घरावर मोर्चा गेला असता. तिकडे काय झाले? ब्रिटन आजही १५ सप्टेंबर हाच त्या लढाईचा स्मृतिदिन पाळतो. कारण लढाईचा निकाल १८५ वर अवलंबून नव्हताच. जर्मनीला रोजची झीज परवडेना आणि ब्रिटिश लढाऊ विमाने दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर येत राहिली, यावर तो अवलंबून होता. आणि हे कळते ते त्यांनी स्वतःचे नुकसान स्क्वॉड्रनवार, दिवसवार, माणसागणिक नोंदवून खुले केले म्हणून. खोटा आकडा गेला, विजय राहिला. ज्या विजयाला खऱ्या आकड्याची भीती वाटते त्यात मुळातच काहीतरी हलके असावे, असा संशय उगाच येतो.

‘पण समोरचा कुठे खरे बोलतो?’ हा तिसरा मुद्दा, आणि हा मला सर्वांत मानवी वाटतो. १९६५ मध्ये पाकिस्तानने भारताची शंभरावर विमाने नष्ट केल्याचा दावा केला आणि स्वतःची १९ गेल्याचे सांगितले. आपणही त्यांची ७३ पाडल्याचे आणि आपली ३५ गेल्याचे सांगितले. पुढे आपल्याच संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने युद्धाचा अधिकृत इतिहास लिहिला. त्यात आपली ५९ विमाने शत्रूच्या कारवाईत गेल्याचे आणि त्यांची ४३ गेल्याचे नोंदवले. म्हणजे आपल्याच इतिहासकारांनी आपला आकडा वाढवला, त्यांचा घटवला. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. मग त्या ग्रंथाचे आपण काय केले? १९९२ मध्ये मोजक्या प्रती छापून सरकारी कपाटांत ठेवल्या. २००० मध्ये तो इंटरनेटवर फुटला तेव्हा नागरिकांनी वाचला. आपल्या हातून घडलेले प्रामाणिक काम आपण चोरून बाहेर पडू दिले!

आणि गप्प राहण्याची किंमत कशी मोजावी लागते ते ७ स्क्वॉड्रनला विचारा. १९६५ मध्ये पंजाबातल्या हलवाऱ्याच्या तळावरून हंटर ही लढाऊ विमाने उडवणारी ही स्क्वॉड्रन. ६ सप्टेंबरला तरन तारनजवळच्या झुंजीत स्क्वॉड्रन लीडर रॉली गेले. त्याच संध्याकाळी हलवाऱ्यावर चालून आलेल्या सेबर विमानांशी भिडताना पिंगळे आणि गांधी यांची विमाने पडली. दोघे हवाई छत्रीने वाचले, हल्लेखोर तिघांपैकी दोघे परत गेले नाहीत. ७ तारखेच्या सकाळी पाच हंटर सरगोध्यावर गेली. स्क्वॉड्रन लीडर भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर ब्रार परतले नाहीत. १६ तारखेला बुन्शा गेले, पिंगळे यांनी त्या झुंजीत एक सेबर पाडले. दहा-अकरा दिवसांत एका स्क्वॉड्रनने काय सोसले ते पाहा. आता ७ तारखेच्या त्या सकाळबद्दल जगभर कोणती कथा फिरते? पाकिस्तानच्या एम. एम. आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाच हंटर पाडली, ही. आलम निष्णात वैमानिक होते, यात वाद नाही. पण सरगोध्यावर गेलेल्या त्या तुकडीत हंटर होती पाच आणि त्यातली तीन हलवाऱ्याला परत उतरली. २७ स्क्वॉड्रनचे कक्कर त्याच दिवशी त्या भागात विमान सोडून कैदी झाले, ते धरले तरी बेरीज पाच होत नाही. हे खोडून काढायला पराक्रमाची भाषणे लागत नाहीत, त्या सकाळचे नोंदवहीचे एक पान पुरते: कोण उडाले, किती वाजता, कोणत्या क्रमांकाच्या विमानात, आणि कधी उतरले. ते पान आपण वेळेवर दाखवले असते तर ही कथा कधीच विरली असती. आपण कुलूप लावले, शत्रूने मैदान मारले.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या मृत्यूची निःशंक नोंद झाली नाही. रणात पडलेल्या देहांपैकी त्यांचा कोणता, यावर खल होत राहिला. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. आणि त्या मोकळ्या राहिलेल्या जागेत सुखनिधान नावाचा तोतया येऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, त्याने माणसे जमवली, किल्ले घेतले, १७७६ मध्ये त्याचा देहान्त होईपर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळवले. नोंद नसली की तोतया येतोच. ‘एका मिनिटात पाच’ हाही तसलाच तोतया आहे आणि आपल्या गप्पपणाने तो साठ वर्षे पोसला.

उलटेही घडते. शत्रूचे पुस्तक वाचून आपल्याला आपला वीर सापडतो. त्याच ७ सप्टेंबरला १ स्क्वॉड्रनची मिस्टेअर ही लढाऊ विमाने विंग कमांडर तनेजा यांच्या नेतृत्वाखाली सरगोध्यावर गेली. स्क्वॉड्रन लीडर देवय्या हे राखीव वैमानिक, ऐनवेळी सामील झाले आणि परतले नाहीत. आपल्या लेखी एवढेच. पुढे एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी बाजू मांडणारा इतिहास लिहिला, तेव्हा कळले की एका एकांड्या मिस्टेअरने आपल्याहून कितीतरी वेगवान स्टारफायटरशी झुंज देऊन ते पाडले होते. जुळवाजुळव केल्यावर ते मिस्टेअर देवय्यांचे ठरले. १९८८ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. नुकसानीचा तपास लावणे म्हणजे अपयश उकरणे असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका उदाहरणावर थोडा वेळ घालवावा. ‘बेपत्ता’ या एका शब्दाखाली आपण किती देवय्या पुरून ठेवले असतील?

घरच्यांच्या दुःखाचा मुद्दा मी शेवटी घेतो, कारण त्यावर बोलताना आवाज आपोआप खाली येतो. जखम का उघडायची, असे म्हटले जाते. कोणा वैमानिकाचे विमान त्याच्याच चुकीने आदळले असेल तर ते त्याच्या मुलांना साठ वर्षांनी छापील का वाचायला लावायचे? हा आक्षेप मला पूर्ण मोडता येत नाही. काही पाने आधी घरच्यांना दाखवावीत, त्यांच्या सोयीने खुली करावीत, इतपत सभ्यता हवीच. पण न सांगण्यानेही जखम भरत नाही. ५ डिसेंबर १९७१ ला ३२ स्क्वॉड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे सुखोई-७ शोरकोटवरच्या हल्ल्यात पडले. लगेचच ढाक्याच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांच्या आडनावाशी मिळतेजुळते नाव छापून आले. युद्धकैदी परतले, तांबे परतले नाहीत. असा कोणी आपल्याकडे नाही, हे पाकिस्तान सांगत राहिला. १९७९ मध्ये संसदेत बेपत्तांची नावे मांडली गेली. २००७ मध्ये नातेवाइकांचे पथक पाकिस्तानी तुरुंग पाहून रिकाम्या हाताने आले. बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या त्यांच्या पत्नीने उभे आयुष्य या शोधात घालवले. सोबत उडालेल्यांनी त्या दिवशी नेमके काय पाहिले, हवाई छत्री उघडली की नाही, कोणी काय लिहून दिले, हे समजण्याचा हक्क पार्वतीबाईंना नव्हता, कारण ते अठरावे शतक होते. विसाव्या शतकातल्या बाईला तो का मिळू नये?

हिशेब उघडा करायचा तर तो धड करायला हवा, नाहीतर दुसऱ्या तटाच्या हाती कोलीतच द्यायचे. नुसते ‘अमुक स्क्वॉड्रनने सहा विमाने गमावली’ हे वाक्य अर्धसत्य आहे. किती उड्डाणांत गमावली? कोणत्या कामावर? १९७१ मध्ये सुखोई-७ च्या स्क्वॉड्रनना जबर तडाखे बसले, कारण त्यांना भर दिवसा, खाली उतरून, विमानविरोधी तोफांच्या तोंडावर काम करायला पाठवले होते. जी स्क्वॉड्रन तळावर बसून राहिली तिचे काहीच गेले नाही. कोणती जास्त शूर? आणि मोजताना सोयीचे तेवढेच मोजू नये. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ पाडले, हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक गेला. सात महिन्यांनी हवाई दल प्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचे उघड मान्य केले. ते ऐकून लोकांच्या मनातला हवाई दलाचा मान कमी झाल्याचे मला तरी कुठे दिसले नाही.

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना भिलशाजवळ एका सावकाराच्या पत्रातून कळली. पाठभेद काही असो, मजकूर आपल्याला पाठ आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. सावकाराची भाषा आहे, पण मला त्यात आपल्या सगळ्या युद्धेतिहासाची खोड दिसते. मोत्यांची नावे आपण लक्षात ठेवतो. मोहरा निदान मोजतो. पठाणकोटच्या तळावर जळत्या विमानांतून दारूगोळा ओढून काढणारा एअरमन, रात्रभर जागून सकाळी विमान उभे करून देणारा फिटर, हा खुर्दा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरली आहेत आणि तिथे मोती-खुर्दा असा भेद नाही, ही २०१९ नंतरची मोठी सुधारणा. पण दगडावर नाव असते, गोष्ट नसते.

गोष्टी आहेत. हवाई दलाची प्रत्येक स्क्वॉड्रन ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या ‘फॉर्म ५४०’मध्ये आपली रोजनिशी लिहिते. २०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले की अशा नोंदी साधारणतः २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात आणि युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा. धोरण उत्तम आहे. त्या हिशेबाने १९६५ ची मुदत १९९० मध्येच भरली, १९७१ ची १९९६ मध्ये, कारगिलची २०२४ मध्ये. आकड्यांवरून गळे बसवून घेणाऱ्या दोन्ही तटांनी मिळून एक साधी मागणी करायला हरकत नाही: मे २०२५ चे राहू द्या आत्ता, आधी ७ स्क्वॉड्रनचा सप्टेंबर १९६५ चा महिना दाखवा.